कर्ता गाळलेलं वाक्य

तिच्या पत्राला मी चार महिने उत्तर दिलं नाही. पत्र जेमतेम दीड ओळीचं. “एकटीच उरली आहे. नेणार असाल तर कळवा.” खाली सही.

चाळीस वर्षं मी छापखान्यात मुद्रितं तपासली. दुसऱ्याच्या वाक्यात हरवलेला कर्ता मला झोपेतही सापडायचा. इथे मात्र अडलो... कोण उरली आहे? झालर, की ती?

झालर म्हणजे आमच्या जुन्या धाटणीच्या घराला, दर्शनी बाजूच्या वळचणीखाली असलेली, पानांच्या नक्षीची कोरीव लाकडी पट्टी. तिचा एक तुकडा वाऱ्याने पडून फुटला. तसाच दुसरा शोधत मी या पत्रवालीच्या वखारीत गेलो. मोडलेल्या घरांचे खांब, दारं, तुळया ती विकायची. एका दाराच्या पाठीवर जुनं वर्तमानपत्र चिकटलेलं होतं. मी तेच वाचत उभा राहिलो.

“लाकूड बघायला आलात, की वाचायला?”

केसांत भुसा, हातात रंधा. मी गडबडून म्हणालो, “बाहेर पाटीवर ‘लाकुड’ लिहिलंय. कू दीर्घ हवा.”

“दीर्घ केला तर जास्त टिकेल का?”

झालरीचा कागदावर उतरवलेला नमुना मी पुढे केला. तिने बोटाने एकेक पान मोजलं.

“हे सातवं तिरकं का?”

“कारागीर थकला असेल.”

“छे हो. कुणीतरी हाक मारली असेल त्याला. मान वळली की हातही वळतो.” आणि तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं... मी उगाच चष्मा पुसत बसलो.

मग दर शनिवारी जाऊ लागलो. ती लाकडावर बोटाच्या पेराने टकटक करून कान लावायची, हुंगून म्हणायची, “हा खांब स्वयंपाकघरातला.” मी जन्मभर पुस्तकं वाचली, लाकूड असं वाचणारं माणूस पहिल्यांदाच पाहत होतो. झालर सापडू नये, असंही मनात येऊन जायचं.

पुढे गुडघ्याने दगा दिला. दोन शनिवार चुकले, आणि ते पत्र आलं.

ताई रोज विचारायची, “लिहिलंस का रे उत्तर?”

“चुकीचा अर्थ लावला तर? या वयात हसं होईल.”

“होऊ दे. ती तरी किती दिवस थांबेल?”

“कोण?”

“झालर रे,” ताई म्हणाली आणि हसू लपवत आत गेली.

काल काठी टेकत वखारीपर्यंत गेलो. दार बंद होतं. पण पाटीवरचा कू दीर्घ झाला होता — ताज्या रंगात, जरा जास्तच लांब शेपटीचा. खिडकीच्या गजांआड झालर टांगलेली. सातवं पान तिरकं. खाली चिठ्ठी : ‘विकायची नाही.’

घरी येऊन लिहिलं — “आपल्या वाक्यात कर्ता गाळला आहे, त्यामुळे दोन अर्थ होतात. दोन्हींना माझं उत्तर ‘हो’ आहे.”

पुन्हा वाचून पाहिलं नाही. वाचलं असतं तर फाडलं असतं. कोपऱ्यावरच्या पेटीत टाकलं, आत पडल्याचा आवाज ऐकला आणि परत फिरलो. फाटकाशी आल्यावर लक्षात आलं — सही करायचीच राहिली.

राहू दे. कर्ता कोण, ते तिला कळेल.