पांढरं

भांड्याचा एक कान माझ्या हातात होता आणि दुसरा त्याच्या.

बाहेर पाऊस भुरभुरत होता, म्हणून जुन्या सामानाच्या दुकानात बरीच माणसं उगाचच शिरली होती. मी मात्र उगाच शिरले नव्हते. कितीतरी महिने मी असं भांडं शोधत होते. बिडाचं, जड, आतून काळंभोर आणि वर घट्ट बसणारं झाकण. आणि ते दिसलं त्याच क्षणी पलीकडून एक हात आला. ओरखड्यांनी भरलेला हात.

"मी आधी धरलं," मी म्हणाले.

"मी आधी पाहिलं."

"पाहण्याचं मला सांगू नका. मी लोकांचे डोळे तपासते, तोच माझा धंदा आहे."

तो हसला. पण कान सोडला नाही. "आणि मी जनावरांचा डॉक्टर आहे. माझ्या हातातून मांजर सुटत नाही, हे तर भांडं आहे."

"ओरखड्यांवरून तसं वाटत नाही हो."

दुकानदाराने चष्म्यावरून आमच्याकडे पाहिलं. भांडं एकच होतं. त्याचा निकाल तुम्हीच लावा, म्हणाला.

"कशाला हवंय तुम्हाला?" मी विचारलं.

तो थोडा अडखळला. "भात... म्हणजे, नुसता भात नाही. मला काकाने वाढवलं. तो असल्याच भांड्यात भात करायचा. तळाची खरवड कुणाची, यावरून आमची भांडणं व्हायची. काका गेला. साध्या पातेल्यात ती खरवड येतच नाही. आणि तुम्हाला?"

"पांढरं करायचंय."

"काय पांढरं?"

आता परक्या माणसाला काय सांगायचं? आमच्या घरात त्याला दुसरं नावच नव्हतं. बटाट्याच्या चकत्या, कांदा, दूध, लोण्याचा गोळा, मिरपूड, आणि मंद आच. शाळेतून येताना जिन्यातच वास यायचा आणि ताई ओरडायची, "आज पांढरं!" आई घरी शिवणकाम करायची. मशीनवरून उठून तीच वाढायची. ती गेल्यावर बाबांनी घर आवरलं आणि तिचं ते जुनं भांडं भंगारात देऊन टाकलं. त्यानंतर ते माझ्याकडे राहायला आले. जेवतात, पण हजेरी लावल्यासारखं. एकदा वरणाचं पातेलं पुसता पुसता म्हणाले, "ते भांडं द्यायला नको होतं." बस, एवढंच. त्या दिवशी मी ठरवलं होतं... पांढरं मी करणार. जमेपर्यंत करणार.

हे सगळं मी त्याला सांगून टाकलं, तेही भांड्याचा कान न सोडता.

"मग वाटून घेऊ," तो म्हणाला. "एक रविवार तुमचा, एक माझा."

अशी आमची ओळख झाली.

भांडं जड होतं, म्हणून पोचवायला बहुतेकदा तोच यायचा. माझ्या चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाईक खुर्चीवर बसून अक्षरं वाचत असायचं आणि काचेच्या दाराबाहेर हा, पिशवी छातीशी धरून, भिजलेल्या केसांनी. मी मुद्दाम त्याला थोडं ताटकळत ठेवायची. कधी त्याला सवड नसली की भांडं आणायला मीच त्याच्या दवाखान्यात जायची. तिथे फिनेलचा आणि ओल्या कुत्र्यांचा वास. एकदा तो एका बोकडाचा खूर तपासत होता. मान वर न करताच म्हणाला, "या चष्मेवाल्या बाई. काय म्हणतंय पांढरं?"

"दूध फाटलं."

"आणि बाबा?"

"छान आहे म्हणाले." मी कोपऱ्यातल्या भांड्याचं झाकण काढून बाजूला ठेवलं. "दर वेळी छानच म्हणतात. पचपचीत झालं तरी छान, कच्चं राहिलं तरी छान. एकदा वाईट आहे म्हटलं असतं ना, तर बरं वाटलं असतं."

त्याने बोकड सोडला, हात धुतले. "आईला विचारलं नव्हतंस कधी?" तो पहिल्यांदाच मला अगं-तुगं करत होता. त्याच्याही ते लक्षात आलं असावं, कारण कान लाल झाले.

"नाही. वाटायचं... विचारू कधीतरी."

"सोडून दे की मग. दुसरं काहीतरी कर."

"अजिबात नाही!"

"तेच ऐकायचं होतं," तो म्हणाला, आणि अशा नजरेने पाहिलं की मी घाईघाईने भांडं उचललं. झाकण तिथेच विसरून आले.

मी जिद्दीने करत राहिले. बटाटे बदलले, दूध आटवून घेतलं, कांदा आधी परतला, नंतर परतला. ताईला दूरच्या देशात फोन करून करून भंडावून सोडलं. ती म्हणायची, जायफळ होतं. मग म्हणायची, नव्हतं बहुतेक. प्रत्येक वेळी चव दारापर्यंत यायची आणि आत मात्र यायची नाही.

मग एका रविवारी भांड्याची पाळी माझी होती, तो ते घेऊन घरी आला, पण ठेवून लगेच गेला नाही. स्वयंपाकघराच्या दारात घुटमळला.

"थांबू का जरा? बघतो तुझं काय चुकतं ते."

"भातवाले मला शिकवणार?"

"माझी खरवड तरी कुठे जमतेय? आपण दोघंही नापासच."

बाबा खाली बागेत फिरायला गेले होते. मी चकत्या लावल्या, दूध ओतलं, आच बारीक केली. तो ओट्याला टेकून उभा होता. खिडकीच्या गजांवरून पाण्याचे थेंब एकेक करून ओघळत होते. एरवी बडबड करणारा माणूस, आज मिठाच्या डबीचं झाकण उघडत-मिटत होता.

"काय झालं रे?"

"मला नोकरी मिळाली," तो म्हणाला. "मोठं रुग्णालय आहे, गाईगुरांचं, घोड्यांचं. समुद्राच्या बाजूला. सकाळी गाडीत बसलं की दुपार होते पोचायला. मला हवं होतं तेच काम आहे हे... पुढच्या महिन्यात रुजू व्हायचंय."

"अरे वा," मी म्हणाले. 

"फक्त अरे वा?"

"मग काय म्हणू? अभिनंदन. कुत्रीमांजरं रडतील तुझी."

"आणखी कुणी?"

मी डोळ्यांत काहीतरी गेल्याचं निमित्त केलं. तो जवळ आला, माझी हनुवटी वर केली आणि म्हणाला, "दाखव." त्याच्या ओरखडलेल्या बोटांना साबणाचा वास होता. डोळ्यात काहीच नव्हतं, हे त्याला दिसत होतं. तरी तो बघत राहिला, मीही बघू दिलं. किती वेळ, देव जाणे...

"जळतंय!" तोच ओरडला.

मी धावले. झाकण उघडलं तर करपट वास भपकन तोंडावर आला. दूध पार आटून तळाला लागलं होतं, कडा तपकिरी झाल्या होत्या. माझा सगळा राग त्या भांड्यावर निघाला. "एवढं... एवढं साधं जमत नाही मला!" मी ते मोरीत ओतायलाच निघाले होते.

"थांब," दारातून आवाज आला.

बाबा आले होते. एक पाय अजून चपलेतच होता. ते वास घेत होते.

"ओतू नकोस पोरी. वाढ मला."

"बाबा, लागलंय ते."

"लागलेलंच वाढ."

ते बसले. पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. मग हसायला लागले. हसता हसता त्यांच्या गालांवरून पाणी यायला लागलं, ते त्यांनी पुसलंही नाही.

"तुझ्या आईला हे कधी न करपवता आलंच नाही. आचेवर ठेवायची, मशीनवर बसायची, विसरायची. वास आला की धावायची. मग खालचं खरवडून वरच्यात कालवायची आणि मला डोळ्यांनी दटावायची, पोरींना सांगायचं नाही म्हणून! तुम्ही जिन्यातून ओरडायचात ना, आज पांढरं? तो वास करपल्याचाच होता."

मी एक घास घेतला. धुरकट, किंचित कडवट, मग दुधाची गोडी. तीच चव. मी लहान झाले, आणि तितकीच मोठीही. बाबांनी पुन्हा वाढून घेतलं. मग भांडं डॉक्टरकडे सरकवून म्हणाले, "तळाचं खरवडून घ्या. तेच खरं."

डॉक्टरने कालथा घेतला. पहिली खरवड तोंडात टाकली आणि मान फिरवून कितीतरी वेळ खिडकीकडे पाहत राहिला.

जाताना तो म्हणाला, "भांडं आता तुझ्याकडेच राहू दे. मी जातोच आहे." मी मान डोलावली. 

रात्रभर माझ्या मनात एकच गोष्ट घोळत होती. आईला विचारायचं मी कधीतरीवर टाकलं होतं. आता हेही कधीतरीवर टाकायचं?

नाही.

सकाळी दुकान न उघडता थेट त्याच्या दवाखान्यात गेले. एक आजीबाई मांजर घेऊन आल्या होत्या. मांजर टेबलावर फिस्कारत होतं आणि हा त्याला दोन्ही हातांनी दाबून धरून होता.

"मला बोलायचंय," मी म्हणाले.

"आत्ता? माझे दोन्ही हात—"

"हात नकोत, कान हवेत. तू जा. तुझ्या मनासारखं काम आहे, सोडलंस तर मीच तुझ्याशी बोलणार नाही. मी बाबांना एकटं टाकून येणार नाही, तेही ठरलंय. पण सुट्टीच्या दिवशी मी गाडीत बसेन. दुसऱ्या सुट्टीला तू बसायचं. पुढे बाबांना तिकडची हवा मानवली तर आम्ही दोघं येऊ, नाही मानवली तर तू नोकरीची जागा बदलून घ्यायची. चष्मे काय, कुठेही लागतात लोकांना. आणि लग्न—" इथे मात्र माझा श्वास संपला. "लग्न तुझ्याशीच करायचंय मला. झालं, बोलून झालं."

 मांजरसुद्धा फिस्कारायचं थांबलं.

"तू हे सगळं... एकटीनेच ठरवलंस?" त्याने विचारलं. 

"एक उत्तर तेवढं तुझ्यासाठी ठेवलंय."

"अहो डॉक्टर, हो म्हणा की पटकन," आजीबाई म्हणाल्या. "माझी मनी ताटकळलीय."

तो माझ्याकडे पाहत होता आणि मला समोरचं काहीच नीट दिसत नव्हतं, सगळं पाण्यातून पाहिल्यासारखं.

"हो," तो म्हणाला.

"मोठ्याने," मी म्हणाले.

"हो! अगं, हो!" आणि त्याने हात सोडले. मनी एका उडीत कपाटावर जाऊन बसली, आजीबाई तिच्या नावाने ओरडायला लागल्या. त्या दोघींकडे लक्ष द्यायला आम्हा दोघांना अजिबात वेळ नव्हता.