जळक्या वखारीपासून डावीकडं

"मारुती चौकातून सरळ या. पाणपोई लागेल, तिथं उजवीकडं. मग जळक्या वखारीपासून डावीकडं वळलात की समोर आमचंच सभागृह!"

फोनवर एवढं सांगून चारुशीला निर्धास्त झाली. सांगलीच्या गावभागातल्या शंभर वर्षांच्या आनंद सभागृहाची नोंदणी तीच बघायची. आज तिथं घोंगड्यांचं प्रदर्शन भरत होतं आणि जतचा टेम्पो तेवढा यायचा राहिला होता.

तो आला दीड तास उशिरा. त्यातून उतरला एक उंच, सावळा तरुण... नाथाजी.

"फोनवर तुमीच व्हता? चार फेऱ्या झाल्या मारुती चौकाला! देव पावला असता येवढ्यात. कुठाय तुमची पाणपोई?"

"ती... पाडली. मी शाळेत असताना."

"आन् वखार?"

"ती तर माझ्या जन्माआधीच—" चारुशीलेनं जीभ चावली. "बाबा असाच पत्ता सांगतात हो. त्यांची नजर गेलीय, त्यांच्यासाठी सगळं अजून जिथल्या तिथं आहे. ऐकून ऐकून माझ्याही तोंडात तेच बसलंय."

नाथाजीचा राग कुठल्या कुठं गेला. पण दारासमोरच्या जागा तोवर भरल्या होत्या, त्याच्या वाट्याला रंगमंचाच्या जिन्यामागचा अंधारा कोपरा आला. चारुशीलेला ते फार लागलं.

मग आठवडाभर तिनं एक लबाडी केली. कुणी बाथरूम विचारलं, की ती सांगायची, "जिन्यामागून जा." खरं तर बाथरूम दाराशीच होतं.

"चारूबाई," तिसऱ्या दिवशी नाथाजी म्हणाला, "समद्या बायका मला बाथरूम इचारत्यात."

"मग सांगा की."

"सांगतो... आदी घोंगडं दावतो, मग सांगतो."

दोघंही हसू दाबत उभे राहिले. गठ्ठ्यावर बसलेली त्याची आत्ती, चंद्राबाई, कानडीत काहीतरी पुटपुटली आणि चारुशीलेकडं बघून गालात हसली.

"काय म्हणाल्या त्या?"

"काय न्हाई... ऊन लय पडलंय म्हनती."

बाहेर तर आभाळ भरून आलं होतं!

पाचव्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तो म्हणाला, "दावा की तुमचं ते न दिसनारं गाव." ती त्याला गल्लीगल्लीतून घेऊन निघाली. एका बँकेसमोर थांबून म्हणाली, "इथं टांग्यांचा अड्डा होता."

नाथाजीनं डोळे बारीक केले. "हाय की! घोडा पांढरा हाय."

गणपतीच्या देवळावरून ते घाटावर आले. आयर्विन पुलाखालून कृष्णा संथ चालली होती. दुष्काळी जतचा नाथाजी बराच वेळ पाण्याकडं बघत राहिला.

"येवढं पानी... आन् कुनाच्याच हातात हंडा न्हाई." मग हळूच, "लगीन का न्हाई केलं तुमी?"

"दोन स्थळं आली, गेली. ही गल्ली बाबांना पायांनी पाठ आहे, नाथाजी. दुसरीकडं नेलं, तर ते खरे आंधळे होतील. मी सांगली सोडणार नाही."

त्यावर तो काहीच बोलला नाही... पुढचे तीन दिवसही नाही. नुसता घोंगड्यांच्या घड्या घालत राहिला. तिसरंही गेलं, असं मनाशी म्हणत चारुशीला पावत्या फाडत बसायची. पण या वेळी आकडे सारखे चुकत होते.

आठव्या दिवशी टेम्पो भरला. चंद्राबाई पुढं बसली, नाथाजी चढणार, एवढ्यात चारुशीला पळत आली. धाप लागली होती, बट कपाळावर चिकटली होती.

"मी तिकडं येऊ शकत नाही. पण तुम्ही... तुम्ही इथं याल? राहायला? माझ्याकडं?"

नाथाजीचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. ओठ हलले आणि एकदम तो ओरडलाच, "आगली!"

"आग? कुठं लागली आग?" घाबरून ती सभागृहाकडं वळली.

टेम्पोतून चंद्राबाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. "आगं पोरी, आग न्हवं! कानडीत 'हू दे, चालंल' म्हनतोय त्यो. घाबारलं, की मराठी इसरतंय येडं! तीन दिस हेच कसं बोलायचं म्हून जागतंय."

चारुशीलेला हसावं की रडावं कळेना.

"मेंढरं भाऊ बघंल," नाथाजी खाली बघत मराठीत म्हणाला. "मी घोंगड्यांचा माग घिऊन यीन हितं. पन त्याला सात हात जागा लागती..." त्यानं मान वर केली. "बाबांस्नी इचारा, घरात कुठं मांडू. त्येंच्या चालायच्या वाटंत यायला नगं."