फियाटच्या पोटातली हळद

खडकीच्या बाजारात बाबुरावांचं रेडिएटर झाळायचं दुकान आहे. माणूस कामात हिरा, तोंडाने फटकळ. गळका रेडिएटर पाण्याच्या हौदात बुडवायचा, आत हवा सोडायची, बुडबुडे आले की भोक सापडलं. तिथे कथलाचा डाग द्यायचा. चाळीस वर्षं हेच. भुताखेतांवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. म्हणायचे, "भुतं असती तर त्यातलं एखादं तरी उधारी मागायला आलं नसतं का?"

मागच्या डिसेंबरात सरोजिनीबाईंची जुनी फियाट त्यांच्याकडे आली. गाडी बाईंच्या यजमानांची, दीनानाथांची. ते जाऊन तीन वर्षं झालेली.

"बाबुराव, परवा तनयाचं लग्न आहे," बाई म्हणाल्या. "पाठवणी ह्याच गाडीतून करायची. ह्यांनी लेकीला लहानपणीच तसा शब्द दिला होता. रेडिएटर गळतोय, तेवढा बघा. शब्द खोटा पडायला नको हो..."

"नाही पडणार," बाबुराव छातीठोकपणे म्हणाले. झालं! इथेच घात झाला.

दीनानाथांना एक खोड होती. रेडिएटर गळायला लागला की दुकानात आणायचा सोडून त्यात मूठभर हळद टाकायची. जुने ड्रायव्हर टाकतात ना, तशी. हळद भोकात जाऊन बसते आणि गळती थांबते. बाबुराव डाफरायचे, "साहेब, गाडी आहे ही, पिठलं नाही!" दीनानाथ खो खो हसायचे आणि पुढच्या वेळी पुन्हा हळद.

तर आता लग्नाचं काम, चकाचक झालं पाहिजे, म्हणून बाबुरावांनी रेडिएटर गरम पाण्याने खळखळून धुतला. वर्षानुवर्षांची हळद गटारात गेली. मग तो हौदात बुडवला, तर अकरा ठिकाणी बुडबुडे! एक भोक बुजवावं तर शेजारी दुसरं उघडायचं. आतली जाळी पापडासारखी झालेली. नवी यायला आठवडा, आणि लग्न उद्यावर.

दुपारी दोनचा सुमार. बाजार पेंगत होता. बाबुराव हौदाशी बसून राहिले. मेलेल्या माणसाचा शब्द आपल्या हातून मोडणार म्हणून त्यांना अगदी भरून आलं.

एवढ्यात बुडबुड्यांचा आवाज थांबला. एकदम. हवा चालूच होती, नळी फुगलेली होती, पण पाण्यावर एक बुडबुडा नाही. मग वास आला. गिरणीतून नुकत्याच आणलेल्या हळदीचा. हौदातलं पाणी पिवळं होत चाललं होतं... रेडिएटरच्या आतून.

मागे त्यांची बायको नंदा चहा घेऊन उभी होती.

"तू टाकलीस हळद?"

"मी चहा आणलाय. आमटी नाही."

"अगं, मग हे..."

नंदाने हौदात डोकावून पाहिलं आणि दोन पावलं मागे सरली. "अहो," ती पुटपुटली, "कोण आहे आत?"

बाबुरावांच्या अंगावर सर्रकन काटा आला. आणि खोटं कशाला सांगा, हसूही आलं. "साहेब," ते हळूच म्हणाले, "जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात... तुमची तर मेल्यावरही गेली नाही!"

दुसऱ्या दिवशी कात्रजच्या कार्यालयातून पाठवणी निघाली. गाडी बाबुराव स्वतः चालवत होते, मागे तनया आणि तिचा नवरा सलिल. खराडीपर्यंतचा रस्ता, लग्नसराईची गर्दी, पावलापावलाला गाडी थांबायची. बाबुरावांची नजर इंजिनाचं तापमान दाखवणाऱ्या काट्यावर. आता चढेल, मग चढेल... काटा जागचा हलला नाही.

"काका, चिल! एवढा घाम का?" सलिलने विचारलं.

रडून डोळे सुजलेली तनया एकाएकी खुदकन हसली. "हळदीचा वास येतोय ना रे? बाबांच्या गाडीला असाच यायचा!" मग ती सिंहगडाच्या सहलींच्या गोष्टी सांगत सुटली, आणि बाबुरावही त्यांत स्वतःची भर घालत राहिले. खराडीला उतरल्यावर तिने बॉनेटवर गाल टेकला. "पोचवलंत हं बाबा," म्हणाली.

आठवड्याने नवी जाळी आली. बाबुरावांनी रेडिएटर काढून फळीवर ठेवला. अकराच्या अकरा भोकं सताड उघडी. हळदीचा कण नाही. आत बोट घातलं तर खडखडीत कोरडा, पाणी कधी शिरलंच नव्हतं असा. म्हणजे त्या दिवशी गाडी खराडीपर्यंत गेली ती...

त्यांनी त्याच्यावर हात ठेवला. "साहेब, पोरगी पोचली हो. फार आनंदात आहे."

मग फळीखाली टप् आवाज झाला. कोरड्या रेडिएटरमधून थेंब गळत होता. पाठोपाठ दुसरा. बाबुरावांनी मुकाट्याने खाली बादली सरकवली; झाळायचं नाव काढलं नाही.

दुकान बंद करायच्या वेळेला बादली काठोकाठ भरली होती. पाणी कोमट होतं.