आठ दिवसांची ताडपत्री

ताडपत्री ओढली आणि आधी पाय बाहेर आला.

मग सगळा माणूसच घरंगळत खाली आला. पोत्यांच्या दोन थप्प्यांमधल्या फटीत त्याला कोंबून ठेवलं होतं. कवटी मागून फुटलेली. पोती ओढायचा लोखंडी आकडा मानेत मुठीपर्यंत रुतलेला. गोदामातले हमाल त्याला लाडानं किडे-डॉक्टर म्हणत. धान्यातली कीड मारायला आलेला हा माणूस तिच्याच शेजारी मरून पडला होता.

हे सगळं फौजदार बाईंनी नंतर ऐकलं. त्या पोचल्या तेव्हा अंगणात दुसरा मुडदा पाडायची तयारी चालली होती.

डॉक्टरला यानंच मारलं म्हणत पाचसहा ट्रक ड्रायव्हर मिळून हमालांच्या मुकादमाला तुडवत होते. तो अंग आक्रसून पडला होता, ओठ फाटलेला, एक डोळा मिटलेला. बाईंचं डोकं तसं तापटच. त्यांनी जवळच्या दोघांच्या पोटऱ्यांवर काठी घातली, तिसऱ्याची कॉलर धरून त्याला पाण्याच्या टाकीवर आपटलं, आणि मग शांतपणे विचारलं, आणखी कुणाला हौस आहे का?

कुणालाच नव्हती.

मॅनेजर पुढे झाला. हातात रुमाल, डोळे लालबुंद, नाक गळत होतं. आपण सासुरवाडीहून आजच सकाळच्या गाडीनं उतरलो आणि दारात हे पाहिलं, असं त्यानं सांगितलं. बोलताना चारदा खोकला.

"आकडा याचाच आहे, मॅडम," मुकादमाकडे बोट करत तो म्हणाला. "गेल्या साली याचा धाकटा भाऊ इथंच कीड मारायच्या गॅसनं गेला. पिऊन आला, खिडकीची जाळी तोडून धान्य चोरायला शिरला आणि मेला. तेव्हापासून हा गॅसवाल्यांचा मुडदा पाडीन म्हणत हिंडतोय. आणि आता बघा, गॅस सोडला की आठ दिवस ताडपत्रीला हात लावायचा नसतो, यानं आजच का उघडली? काही लपवायचं राहिलं असेल!"

ड्रायव्हर पुन्हा गुरगुरले. बाईंनी मुकादमाला वजनकाट्याच्या खोलीत कोंडलं, ते अटकेसाठी कमी आणि जीव वाचावा म्हणून जास्त. बाहेरची गर्दी वाढत होती, फाटक गदागदा हलत होतं, आणि बाईंजवळ हवालदार होता एकच, तोही निवृत्तीला टेकलेला.

त्या गोदामात शिरल्या. आत काळोख. दिव्याच्या बटणाला हात लावला तर बोट सटकलं. अख्खा बोर्ड प्लास्टिकमध्ये गुंडाळून वर चिकटपट्टी मारलेली होती. हवालदारानं बॅटरी पेटवली. हवेत पिकलेल्या फळासारखा मंद वास होता. बाईंनी एकेक भिंत पाहिली. पलीकडच्या खिडकीवरचा पत्रा नुकताच उचकटलेला होता, खिळे खालीच पडलेले. मागे जुनी तारेची जाळी दिसत होती. ती फाटली होती आणि बाहेरच्या बाजूला फुगली होती. तारांच्या टोकांवर काळपट डाग होते.

बाईंनी एक तार बोटानं वाकवून पाहिली. मग काट्याच्या खोलीत गेल्या आणि मुकादमासमोर पाण्याचा तांब्या ठेवला.

"काल संध्याकाळी कुठे होता?"

"घरी. आईजवळ." त्यानं चूळ भरली, रक्त थुंकला. "आई काय, कुठलीही आई तेच सांगणार. तुम्ही कशाला विश्वास ठेवाल?"

"आकडा?"

"खुंटीला असतो. कुणीही घ्यावा."

"ताडपत्री आठ दिवसांची. तुम्ही आजच उघडली."

मुकादम त्याही अवस्थेत हसला. आठ दिवस गॅसच्या त्या जुन्या गोळ्यांना लागायचे, तो म्हणाला. आता गॅस नवा आहे. गेल्या साली भाऊ गेला, तेव्हापासून डॉक्टर वरच्या ऑफिसच्या मागे लागला होता, की माणसं मारणाऱ्या गोळ्या बंद करा. शेवटी परवा सिलिंडर आले. काल दुपारी गॅस सोडला, रिकामे सिलिंडर लगेच परत गेले, आणि आज सकाळी उघडायचं ठरलं होतं. एका दिवसात कीड साफ, धान्यावर काही उरत नाही.

"आणि माणसाला?"

"जास्त झाला तर त्रास होतोच. पण हा दगा देत नाही, बाई. डोळ्यांना झोंबतो, घसा धरतो, माणूस आपोआप मागे सरतो. गोळ्यांचा गॅस कळायच्या आत माणूस नेतो."

"दिव्यांचा बोर्ड कुणी गुंडाळला?"

मुकादम बुचकळ्यात पडला. गोळ्यांच्या गॅसनं तांबं खराब व्हायचं, म्हणून पूर्वी गुंडाळत असू, तो म्हणाला. काल एका पोरानं सवयीनं प्लास्टिक आणलं तर डॉक्टरनं त्याची थट्टा केली होती, याला कशाला साडी नेसवतोस म्हणून. संध्याकाळी सगळे निघालो तेव्हा बोर्ड उघडा होता. खिडक्या एकदा बघून येतो म्हणून डॉक्टर एकटा मागे राहिला.

बाईंनी मॅनेजरला गोदामात बोलावलं. मुकादमालाही आणलं. हवालदाराला दारात उभं केलं आणि दार मुद्दाम सताड उघडं ठेवलं, म्हणजे फाटकावरच्या लोकांना ऐकू जावं.

"ज्यानं खून केला," बाई म्हणाल्या, "त्याची अक्कल जुन्या गॅसवर चालत होती. त्याला वाटलं, आत गोळ्या आहेत, आठ दिवस इकडे कुणी फिरकणार नाही, तोवर प्रेत सडेल, आणि कधी मेला ते कुणाला नक्की सांगता येणार नाही. एकच धोका होता. गॅसनं बोर्ड बिघडला तर दिवे जाणार, वायरमन येणार. म्हणून त्यानं बोर्ड गुंडाळला. मुकादम असं का करेल? त्याला ठाऊक होतं की सकाळी आपणच ताडपत्री ओढणार आहोत. सगळ्या हमालांना ठाऊक होतं. एकाच माणसाला नव्हतं, कारण तो सासुरवाडीला जेवणं झोडत होता आणि काल संध्याकाळीच गुपचूप परतला."

मॅनेजर रुमालात खोकला. "मी आज सकाळी आलो, मॅडम."

"मग आठ दिवस हात लावायचा नसतो, असं मला का सांगितलंत? आणि डोळे कशानं झोंबले? प्रेत आत ढकलायला ताडपत्री वर केलीत, तेव्हा नवा गॅस तोंडावर आला. कालपासून गळताय. मी आधी समजले, माणूस रडतोय."

"सर्दी आहे."

"असेल. चिकटपट्टीच्या चिकट बाजूवर बोटांचे ठसे छान उमटतात. तिला सर्दी होत नाही."

मॅनेजरचा चेहरा पांढराफटक पडला. बाई खिडकीकडे वळल्या.

"डॉक्टर फटी बुजवत होता. पत्रा उचकटला आणि त्याला ही जाळी दिसली, नेमके तेव्हाच मॅनेजर दारात आले. चोर बाहेरून आत शिरला असता तर तारा आत वाकल्या असत्या. या बाहेर वाकल्यात. मुकादम, तुमचा भाऊ आत शिरत नव्हता. तो बा—"

वाक्य पुरं झालं नाही. मॅनेजरनं भिंतीवरचा दुसरा आकडा हिसकावला आणि वार केला. हवालदार मध्ये आला, त्याचा दंड कोपरापर्यंत फाटला. दुसरा वार बाईंच्या खांद्याला चाटून गेला. तिसऱ्याला मुकादमानं त्याचं मनगट धरलं, कडकन मोडलं, आणि त्याला थप्पीवर दाबून त्याच्या गळ्यात दोन्ही पंजे रोवले.

"बोल."

"ट्रक खोळंबले होते," मॅनेजर घरघरला. "गॅस चालू असतानाच चार पोती काढ म्हणालो. तेवढ्यात वरचे साहेब तपासणीला आले. कुणाला दिसू नये म्हणून कुलूप लावलं. पाच मिनिटांसाठीच..."

"हाका मारल्या त्यानं?"

मॅनेजरनं मान वळवायचा प्रयत्न केला.

"मारल्या का?"

"मारल्या. मी ऑफिसातला रेडिओ मोठा केला."

मुकादमाचे पंजे आवळले. मॅनेजरची जीभ बाहेर आली, टाचा पोत्यांवर झडू लागल्या. बाईंच्या कमरेला पिस्तूल होतं, पण त्यांनी त्याला हात लावला नाही. खांद्यातून रक्त वाहत होतं. त्या मुकादमाच्या कानाशी वाकल्या. खरं सांगायचं तर त्यांनाही त्या क्षणी तो माणूस मेलेला चालला असता.

"हा इथं मेला तर तुमचा भाऊ जन्मभर चोरच राहील," त्या म्हणाल्या. "मला हा कोर्टात बोलायला हवाय. भरल्या कोर्टात."

मुकादमानं पकड सैल केली. मग एकेक बोट सुटलं. मॅनेजर पोत्यावरून खाली कोसळला आणि श्वासासाठी तडफडू लागला. बाईंनी त्याच्या मोडक्या हातातच बेडी घातली, जराही हळुवारपणा न दाखवता.

फाटकावर चिडीचूप झालं होतं. ज्या ड्रायव्हरांनी मुकादमाला तुडवलं होतं, ते माना खाली घालून उभे होते. मुकादम खालीच बसला आणि फोन मागू लागला. त्याचा स्वतःचा मघाच्या मारामारीत फुटला होता. बाईंनी आपला दिला. रक्तानं माखलेल्या अंगठ्यानं त्यानं आकडे दाबले, दोनदा चुकला.

"आई," तो म्हणाला. "आई, धाकल्याचा फोटो परत भिंतीवर लाव. तो कामाला गेला होता गं. कामालाच."