त्याच नंबरावर दुसरं कुणीतरी

विश्वास ठेवा म्हणून गळ घालणार नाही. पण माझी धाकटी जाऊ मेरिम खोटं बोलणारी नाही, आणि नंतर तिच्या नवऱ्याचा, तालांतचा आवाज मी स्वतः ऐकलाय.

किर्गिझस्तानातलं, नारिनजवळचं आमचं गाव. जानेवारीतली भर दुपार. बाहेर गुडघाभर बर्फ.

मेरिमच्या बाळाचे चाळीस दिवस आदल्याच दिवशी संपले होते. तोवर चेहरा कुणाला दाखवायचा नाही. बापालाही नाही, फोनवरही नाही. तालांत मॉस्कोत बांधकामावर. पोराला त्याने एकदाही पाहिलं नव्हतं. तिथून फोनवर बघता यावं म्हणून त्याने पाळण्यावर लावायला कॅमेरा धाडला होता.

"आयपी अ‍ॅड्रेस नीट टाक," तो मेरिमला फोनच्या स्पीकरवरून सांगत होता. "घरातल्या प्रत्येक यंत्राला वेगळा नंबर. एकाच नंबरावर दोघं आले, की समज दोन जावा एका चुलीवर!"

"थांब, वहिनींनाच सांगते हे!"

बाळ तिच्या मांडीवर पेंगत होतं. चित्र हलतंय का बघायला तिने पाळण्याला झोका दिला.

रिकाम्या पाळण्याला.

"ए पोरी!" सासू दारातूनच ओरडली. "रिकामा पाळणा हलवतात का? कुणाला बोलावतेस?"

"आपा, नुसता कॅमेरा बघत होते हो..."

तेवढ्यात चित्र गेलं.

तिच्या फोनच्या काळ्या पडद्यावर अक्षरं आली... हा नंबर दुसरं यंत्र वापरत आहे.

"टीव्ही बंद कर," तालांत म्हणाला. "आपाचा फोनपण."

केले. मग तिने कॅमेऱ्याचा शेवटचा आकडा बदलला. चित्र आलं...

गेलं. पुन्हा तीच अक्षरं.

पुन्हा आकडा बदलला.

पुन्हा तेच... कुणीतरी तिच्या मागोमाग त्याच नंबरावर येऊन बसत होतं.

"आला!" तालांत एकदम ओरडला. "दिसला गं मेरिम, दिसला! केवढासा आहे... अगं, पण रडतोय. उचल ना त्याला."

मेरिमने खाली पाहिलं.

बाळ मांडीवर गाढ झोपलं होतं.

समोर पाळणा. स्तब्ध. बाळाला बांधायच्या पट्ट्या मोकळ्या लोंबत होत्या.

"हात किती घट्ट बांधलेस त्याचे! निळा पडतोय तो... उचल!"

सासूने कॅमेऱ्याची वायर उपटली.

कॅमेऱ्याचा दिवा विझला.

"अजून रडतोय गं," तालांत म्हणाला.

मेरिमने व्हिडिओ कॉल लावला. बाळाला समोर धरलं. "हा बघ. हा तुझा मुलगा. माझ्याजवळ आहे. बघ ना रे!"

तो बराच वेळ बघत राहिला.

"गोड आहे," हळूच म्हणाला. "पण त्याला कुणी उचललं का?"

पाळणा त्याच दिवशी गोठ्यामागच्या खोलीत ठेवला. मेरिम बाळाला आता कुशीतच घेऊन झोपते.

परवा तालांतने मला फोन केला. "वहिनी, घरात कुणी ऐकत नाही माझं. तुम्ही तरी एकदा त्या खोलीत जाऊन बघाल का?"

मी हो म्हणाले.

अजून गेलेले नाही.