आलं शेपूट, चला

ही गोष्ट रचलेली नाही. दादाच्या तळपायांचे फोटो पोलिसांनी मला पाठवले होते, ते अजून माझ्या मोबाइलमध्ये आहेत. कुणाला दाखवत नाही, आणि काढूनही टाकवत नाहीत.

घडलं ते आमच्याच घरात. तिसऱ्या मजल्यावर, रविवारी, दिवे लागायच्या वेळेला.

पण सुरुवात डोंगरात झाली.

माझा दादा प्लंबर. दरवर्षी कामं बंद ठेवून, पाठीवर सॅक टाकून, तो महिनाभराच्या लांब पायवाटेवर जायचा. सोबत त्याचे दोन मित्र. त्या वर्षी दादाच्या हाताखाली काम करणारा एक जाडा, भिडस्त माणूसही गेला. हौस दांडगी, दम कमी. पहिल्याच दिवशी त्याचं नाव पडलं... शेपूट.

पायवाटेवरचा दिवस म्हणजे तंबू गुंडाळा, चाला, बसा, पुन्हा चाला. चढ संपला की पुढचे तिघं बसायचे. पाणी प्यायचे, मोजे वाळत घालायचे. शेपूट मागून यायचा. त्याच्या काठीचं रबरी टोपण हरवलं होतं, त्यामुळे लोखंडी टोक दगडावर वाजायचं.

टक... टक...

आवाज आला की दादा सॅक चढवायचा.

"आलं शेपूट. चला, उठा."

तो पोचायचा तेव्हा हे निघालेले असायचे. विश्रांती सगळ्यांना, त्याला कधीच नाही. दादा मला फोनवर हे सांगून खो-खो हसायचा.

"अरे, माणूस आहे तो," मी म्हणाले.

"चालत्या गाडीला खीळ आहे," दादा म्हणाला.

शेवटच्या खिंडीत धुकं होतं. तिथे शेपूट पहिल्यांदा बोलला.

"दादा, दोन मिनिटं बसू द्या."

"खाली निवाऱ्यात पोचलास की बस. हवं तितकं बस." आणि तिघं निघाले. एकटा मागे पडायला नको म्हणून तोही सॅक न काढता निघाला असणार.

निवाऱ्यात त्यांनी अंधार पडेपर्यंत वाट पाहिली. शोधायला मागे कुणीच गेलं नाही.

सकाळी तो सापडला. खिंडीच्या पहिल्याच वळणावर.

खडकाला टेकलेला... उभा. पाठीवर सॅक, पट्टे आवळलेले. बसलाच नव्हता.

दादा घरी आला आणि त्याच्या पायाला भिंगरी लागली. जेवायला बसला की दोन घासांत उठायचा. नळ जोडताना मध्येच पाना टाकून चालू लागायचा. गाल आत गेले. मला त्याची फार दया यायची, आणि रागही.

शेवटी एकदा बोलला. "मी बसलो की तो येतो, चिमे. आधी लांबून. मग जवळ."

"मग आज बसूनच राहा. मी आहे. त्यालाही बस म्हण. त्याला तेवढंच हवं होतं."

त्या रविवारी आई देवळात गेली असताना तो सोफ्यावर बसला. मी शेजारी स्टूल ओढून त्याचा हात धरला.

टक...

जिन्यात, खाली.

टक... टक...

आवाज दाराशी थांबला. दाराला कडी होती.

मग तोच आवाज आत... फरशीवर.

दादा रडत म्हणाला, "ये रे. बस. दमलास तू. चुकलं माझं."

सोफ्याची दुसरी बाजू हळूच दबली. कुणीतरी लांब श्वास सोडला. मला वाटलं, सुटलो.

तेवढ्यात खोलीत सॅकचे पट्टे आवळल्याचे आवाज झाले. कट. कट. आणि कुणीतरी हसलं.

"आलं शेपूट. चला, उठा."

आवाज दादाचा होता. फोनवरचा, मजेतला. पण दादाचे ओठ मिटलेले होते.

तो उठला. "चिमे, धर मला," एवढंच म्हणाला. मी दोन्ही हातांनी धरलं. त्याने मला दारापर्यंत फरफटत नेलं. मग माझ्या हातात नुसती शर्टाची बाही राहिली.

काही दिवसांनी तो सापडला, डोंगराकडे जाणाऱ्या रस्त्यावर. अनवाणी. तळपायांना कातडी उरली नव्हती. विजेच्या खांबाला टेकलेला... उभा. त्याला आडवं करायला चार माणसं लागली.

आई मावशीकडे राहायला गेली. मी इथेच आहे. कामावरून येते, सोफ्यावर एका कडेला बसते. दुसरी बाजू दबलेलीच असते.

आता जिन्यात काठी वाजत नाही. अनवाणी पावलं वाजतात. ओली... फार दमलेली.

दादाच तो. दार उघडून त्याला बस म्हणायचं, असं मी रोज ठरवते.

पण पावलं दाराशी आली की शेजारी कुणीतरी खुदकन हसतं... आणि मी चपला घालून उभी असते.