ललिता, ये

तिन्हीसांजेला ललिता सावित्री नदीत कमरेइतक्या पाण्यात उभी दिसली. शेजाऱ्यांनी तिला ओढून काढलं आणि येसाजी मोऱ्यांना तुडील गावात बोलावलं. महाडचे हे खाजगी गुप्तहेर पूर्वी तार खात्यात होते, यंत्रांचा त्यांना भारी नाद. सोबत त्यांचा मदतनीस पांडू होता. त्याला नाद फक्त जेवणाचा.

ललिताचे यजमान रामजी सर पावसाळ्यात नदीत वाहून गेले होते. प्रेत मिळालं नाही. मागे उरला त्यांचा कॅल्क्युलेटरएवढा कंप्युटर. महिनाभर तो गप्प होता. आता मात्र चालू केला की काचेवर इंग्रजी अक्षरं उमटत: ललिता ये.

"आमी भुतंखेतं मानत नाय," ललिता म्हणाली. "पन ते नदीत वाट बघत असतील, तर मी घरात कशी बसू?"

तिचा आवाज इतका शांत होता की पांडूच्या अंगावर काटा आला.

"यंत्राला हात कोण लावतं?" येसाजींनी विचारलं.

"त्यांचे दोन चेले, सहदेव आन् चंदूभावजी. बेसिक, म्हंजी कंप्युटरची सोपी भाषा शिकलेल्या पोरांना असेंब्लीत, म्हंजी यंत्राच्या आतल्या भाषेत कसं न्यायचं, त्याचं सरांनी पुस्तक लिवलंय. छापायला चंदूभावजी त्याची नक्कल करतात. दुसऱ्या कुनाला ठाव पन नाय त्याचं."

आधी सहदेव आला. हा रेडिओ दुरुस्त करायचा. "मला नुसतं बेसिक येतं," तो म्हणाला. "न्यू असा हुकूम दिलं का समदं पुसतं." त्याने न्यू दिलं, यंत्र बंद करून चालू केलं.

ललिता ये.

"सरच हायत," तो पुटपुटला. येसाजींनी त्याला आतल्या खोलीत बसवलं.

मग चंदू आला, महाडचा शिक्षक. "मलाही बेसिकच येतं. असेंब्ली डोक्यावरून जाते."

"मग हे पुसायचं कसं?"

"न्यूने नाही जायचं ते. सेल काढून टाका, म्हणजे वहिनींचा त्रास संपेल."

येसाजींनी सहदेवला बाहेर बोलावलं.

"न्यूने फक्त बेसिक पुसतं," ते म्हणाले. "असेंब्लीतलं वेगळ्या कोपऱ्यात राहतं, त्याला धक्का लागत नाही. नुसतं बेसिक येणारा आधी न्यू दाबतो, जसं सहदेवने दाबलं. चंदूसर, तुम्ही यंत्राला हात न लावताच ते जाणार नाही म्हणालात. सेल काढले की यंत्रातलं सगळंच पुसतं, म्हणजे पुरावाही गेला. आणि सरांचं सबंध पुस्तक उतरवून काढणाऱ्याच्या असेंब्ली डोक्यावरून जाते?"

"पण कशासाठी?" पांडू गोंधळला.

"पुस्तक स्वतःच्या नावावर छापायला. ते सरांचं, हे सांगणारी एकटी ललिताताई उरली होती."

चंदूची मान खाली गेली. "मी तिला पाण्यात ढकललं नव्हतं," तो म्हणाला.

सहदेवने त्याची गचांडी धरली. ललिताचं तिकडे लक्षच नव्हतं.

"म्हंजी हाक त्यांची नव्हती?"

"नव्हती, ताई."

"मंग ते नदीत पन नायत. कुठंच नायत." ती उंबऱ्यावर बसली आणि सर गेल्यापासून पहिल्यांदा मोठ्याने रडली.